काकूंचं तेल, माझं कार्ड

४ जानेवारी

या वहीची पहिली बावीस पानं ठमीच्या गुणाकाराची आहेत. कुणी सहज उघडली तर आधी तेच दिसेल. मी मागच्या बाजूनं, वही उलटी धरून लिहिते आहे. ठेवायची जागा म्हणजे इस्त्रीच्या कपड्यांचं गाठोडं. त्याला माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही.

लिहायचं कारण, आज एक पत्र हातात पडलं. खरं तर चार दिवसांपूर्वीच आलं होतं. सासूबाईंनी सही करून घेतलं, उशीखाली ठेवलं आणि विसरल्या. आज हे कामाला बाहेर पडले, जिन्यावरची पावलं वाजायची थांबली, तेव्हा त्यांना आठवलं. म्हणाल्या, "अगं, तुझं काहीतरी आलं होतं बघ." हल्ली फार विसरभोळ्या झाल्यात.

लग्नाआधी आणि ठमी तीन वर्षांची होईपर्यंत मी इस्पितळात एक्स-रे काढायचे. ती नोंदणी संपून सहा वर्षं झाली. ३१ मार्चच्या आत नूतनीकरण केलं नाही तर नाव कायमचं काढून टाकणार आहेत, मग पुन्हा पहिल्यापासून परीक्षा. दंड धरून नऊ हजार. तेही रोख, कार्यालयाच्या खिडकीवर.

मला नोकरी करायची नाहीये. ठमी आता कुठं नऊ वर्षांची होते आहे आणि यांना ते आवडतही नाही. नुसतं नाव राहावं, एवढंच.

पण रोख आणायची कुठून? घरखर्चासाठी यांनी आपल्या खात्यावरचं जोडकार्ड मला दिलंय. त्यावर नाव माझं आहे. मी कुठंही कार्ड लावलं की यांच्या फोनवर टिंग वाजतं. महिनाअखेरीला हे स्टेटमेंट घेऊन बसतात, पट्टी सरकवत एकेक ओळ बघतात. त्यात वाईट काही नाही, हाताला कामाची सवय आहे. हे विमा कंपनीचे सर्व्हेअर. ठोकलेल्या गाड्या तपासायच्या, नुकसान खरं की बनाव ते सांगायचं. ओरखडा कालचा की वर्षाचा हे नुसतं बोट फिरवून ओळखतात. कचेरीत यांचं नाव आहे.

९ जानेवारी

ठमीला शाळेत सोडून एटीएममध्ये गेले. कार्ड आत सरकवलं. मशीननं पिन मागितला. मला पिन दिलेलाच नाही, हे मला तिथं उभी राहिल्यावर आठवलं. मागं कुणीतरी खाकरलं आणि मी कार्ड ओढून पळालेच.

घरी येऊन कार्डामागच्या नंबरवर फोन केला. मुलगी फार गोड बोलली. कार्डावर रोख काढली तर काढल्याबरोबर शुल्क, वर त्याच दिवसापासून व्याज. खरेदीला बिल भरेपर्यंत जी सवलत मिळते, ती रोखीला नाही. शिवाय स्टेटमेंटवर त्याची ओळ वेगळी छापून येते. आणि पिन हवा असेल तर तो मुख्य खातेदाराच्या संमतीनं. मी "बरं" म्हटलं आणि ठेवून दिला.

संध्याकाळी यांनी बूट काढता काढता विचारलं, "बँकेला फोन केला होतास?"

यांनी आपला फोन माझ्यापुढं धरला. 'आमच्या सेवेचा अनुभव कसा वाटला? एक ते पाच आकडा निवडा.'

मी म्हटलं, "दुकानात कार्ड लागत नव्हतं."

"कुठल्या दुकानात?"

"नेहमीच्याच."

हे हसले. "मग किती दाबू? पाच?" माझ्याकडे बघत त्यांनी पाच दाबलं. मला वाटलं विषय संपला. जेवण होईपर्यंत तो संपलाच होता.

१० जानेवारी

उजवं मनगट सुजलंय. कपाटाचं दार लागलं. चूक माझीच, खोटं बोलता येत नाही तर बोलायचं कशाला?

१४ जानेवारी

बाजारातल्या मोबाइलच्या दुकानाबाहेर पाटी आहे, 'कार्डावर रोख मिळेल'. आज आत गेले. दुकानदार म्हणाला, "शंभराला तीन. बिल हेडफोनचं फाडू की चार्जरचं?" मी म्हटलं, बिलावर दुकानाचं नाव येईल का? तो म्हणाला, येणारच ना. मग माझ्याकडे निरखून बघितलं आणि एकदम तोंडभर हसला. "तुम्ही सर्व्हेअरसाहेबांच्या मिसेस ना? आमच्या व्हॅनचा क्लेम त्यांनीच पास केला होता. बसा की! चहा सांगतो."

मी चहाला थांबले नाही. दोन चौक चालल्यावर कळलं की पिशवी तिथंच राहिली. परत जायची हिंमत झाली नाही. कापडी होती, जाऊ दे.

१७ जानेवारी

चादर घेतली, दुसऱ्या दिवशी परत करायला नेली. काउंटरवरची बाई म्हणाली, कार्डानं घेतलेल्या वस्तूचे पैसे कार्डावरच परत जातात, हातात मिळत नाहीत. म्हणजे यांच्या फोनवर दोन टिंग, एक जाण्याचं आणि एक येण्याचं. मी म्हटलं, रंग उठून दिसत नव्हता. हे म्हणाले, "हल्ली तुझं फार चाललंय काहीतरी."

काही चाललेलं नाही. मी देवाशपथ सांगते, काही चाललेलं नाही.

२२ जानेवारी

किराण्याच्या रांगेत माझ्यापुढं शिवणकाकू होत्या. आमच्या वरच्या मजल्यावर राहतात, एकट्याच. कपडे शिवतात म्हणून ठमीनं त्यांचं नाव शिवणकाकू पाडलं आणि आता मीही तेच म्हणते. तोंडात कायम दोन टाचण्या असतात, त्यामुळे बोलणं ओठांच्या एका कोपऱ्यातून. गल्ल्यावरच्या मुलीकडे सुट्टे नव्हते. काकू वैतागल्या, मागं वळून म्हणाल्या, "तुझ्या कार्डात घाल गं माझं सामान. मी तुला इथंच नोटा देते."

सहाशे चाळीस. नोटा हातात घेतल्या तेव्हा त्या माझ्या मनगटाकडे टक लावून बघत होत्या. मी बाही खाली ओढली. बाही उसवली आहे की काय ते बघत असतील. शिवणाऱ्या बाईची नजर ती!

जिना चढताना मधल्या पायरीवर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शुल्क नाही, व्याज नाही, पिन नाही. स्टेटमेंटवर नाव त्याच दुकानाचं, जिथं मी दर आठवड्याला जाते. टिंग वाजेल, पण नेहमीचंच. कार्डातून रोख काढायची सगळ्यात स्वस्त जागा म्हणजे दुसऱ्या बाईची पिशवी!

नोटा पॅडच्या पाकिटात ठेवल्या. त्याला हे कधी हात लावत नाहीत, लावला तरी बोटाच्या टोकानं बाजूला सारतात.

इतका आनंद झाला की भाजी करपली. मग दिवसभर भीती वाटत राहिली.

२९ जानेवारी

काकू आपण होऊन दारात आल्या. "तू जातेसच तर माझंही आण. मला ओझं उचलायचा कंटाळा येतो." हातात यादी. तेलाचा पाच लिटरचा डबा, दहा किलो तांदूळ, साबण, साखर. पैसे आधीच दिले.

एकट्या बाईला एवढं तेल कशाला लागतं? बहुतेक शिलाईमशीनला घालत असाव्यात.

५ फेब्रुवारी

महिन्याचा आकडा फुगायला नको म्हणून आमच्या सामानाला कात्री लावली. तांदूळ दोन पायऱ्या खालचा आणला, साबण सुटा, चहा पुड्यातला. दोन घास खाल्ल्यावर यांनी विचारलं, "तांदूळ बदललास?"

"नाही."

यांनी एक शीत ताटाच्या कडेला ठेवलं, बोटानं दाबलं. "तुटका आहे. कणी आहे यात."

मी म्हटलं, "दुकानवाल्यानंच बदलला असेल."

काचेचं ताट खाली पडलं. ठमीनं तुकडे गोळा केले. मी नको म्हणत होते तरी केले. आमच्या घरात या मुलीइतकं भराभर कुणालाच काच गोळा करता येत नाही.

१२ फेब्रुवारी

पाकिटात तीन हजार आठशे. काकूंची यादी दर आठवड्याला वाढते आहे. आता त्यांच्याकडे शिवायला येणाऱ्या एका बाईचंही सामान आणते. माझे हात दुखतात, पण बरं वाटतं. चोरी करते आहे का मी? पैसे यांचे, सामान काकूंचं, नोटा माझ्या. किती वेळा मांडून बघितलं, पण कुणाचं काय गेलं ते मला धड सांगता येत नाही. तरीही दुकानात कार्ड हटकून उलटंच पुढं करते. मुलगी म्हणाली, "ताई, सरळ धरा की."

आज जेवताना यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "आपल्याला महिन्याला तेल किती लागतं?"

मी भाताचं पातेलं पुढं ओढलं. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "परवा मीच सांडलं. अर्धा डबा. गुडघा लचकला आणि हातातून गेला."

हे त्यांना वाटेल ते बोलले. त्या खाली मान घालून जेवत राहिल्या. नंतर मी फरशी शोधून पाहिली, तेलाचा डाग कुठंच नव्हता. काय घडलं आणि काय नाही, हे हल्ली त्यांना कळेनासं झालंय. मला त्यांची भीतीच वाटते. उद्या असंच काही भलतं बोलून बसल्या तर?

१७ फेब्रुवारी

इस्पितळातल्या मोठ्या बाईंना फोन केला, काकूंच्या फोनवरून. मोठ्या बाई म्हणजे आमच्या एक्स-रे विभागाच्या प्रमुख होत्या. आता दुसऱ्या गावी स्वतःचं छोटं केंद्र चालवतात, इथून बसनं पाच तास. नूतनीकरणाच्या अर्जावर ओळखीच्या वरिष्ठाची सही लागते. त्या म्हणाल्या, "सही देते. आणि ऐक, माझ्याकडे जागा आहे. केंद्राच्या वरती एक खोलीही आहे."

मी म्हटलं, "नको बाई, मला फक्त नाव ठेवायचंय."

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "खोलीला कुलूप लावत नाही मी."

काय बोलल्या ते कळलं नाही. केंद्रात महागाची यंत्रं असताना कुलूप लावत नाहीत म्हणजे कमालच!

२६ फेब्रुवारी

आज काकूंच्या घरात पहिल्यांदा आत गेले. एरवी दारातच सामान देते. आज त्या म्हणाल्या, "आत ठेव, माझे हात खडूचे आहेत." कापड बेतायच्या टेबलाखाली पडदा होता. डबा सरकवायला तो बाजूला केला.

तेलाचे पाच डबे. एकाचंही झाकण उघडलेलं नाही. तांदळाच्या पिशव्या एकावर एक, शिवण तशीच. साबणाच्या वड्यांची भिंत.

मी खाली बसले ती बसलेच. काकूंनी तोंडातल्या टाचण्या काढून उशीत खोचल्या. इतक्या दिवसांत मी त्यांचं अख्खं तोंड पहिल्यांदा बघितलं.

"तेल खराब होत नाही," त्या म्हणाल्या. "वर्षभर राहतं."

"काकू, तुम्हाला याची गरज नव्हती."

"आहे की. येणाऱ्या-जाणाऱ्यांना विकीन. नाहीतर भजनी मंडळ काढून सगळ्यांना तळून घालीन."

मी हसता हसता रडले. मग त्या हळूच म्हणाल्या, "तुमच्या घराचं छत म्हणजे माझी जमीन आहे. मला सगळं ऐकू येतं. मशीन चालू ठेवलं तरी येतं."

मला इतकी लाज वाटली की त्यांच्या तोंडाकडे बघवेना. मी म्हटलं, "तसं काही नाही काकू. यांना जरा राग लवकर येतो, बाकी माणूस चांगला आहे."

त्या म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात साखर जास्त आण."

५ मार्च

भरले! नऊ हजार, रोख, खिडकीवर. कारकुनानं नोटा दोनदा मोजल्या. तेवढ्या वेळात मला तीनदा वाटलं की मागं हे उभे आहेत. पावती मिळाली, शिक्का बसला. पंधरा दिवसांत प्रमाणपत्र, मोठ्या बाईंच्या पत्त्यावर.

आता थांबायचं. आणखी रोख नको, आणखी खोटं नको. तांदूळ पुन्हा चांगला आणणार.

११ मार्च

आज सकाळी हे कामाला गेले नाहीत. मी ठमीची वेणी घालत होते. हे कचेरीची बॅग घेऊन स्वयंपाकघरात गेले. मला वाटलं पाणी प्यायला. मी आत गेले तर कपाटं उघडी, डबे ओळीनं ओट्यावर आणि हे मोबाइलनं एकेकाचा फोटो काढताहेत. डब्यात पट्टी बुडवून उंची मोजताहेत. गाडी मोजतात तशी.

मग बॅगेतून कागद काढले. दुकानाच्या मॅनेजरशी ओळख काढून सगळ्या बिलांची यादी छापून आणली होती. मी बिलं बसथांब्याच्या कचरापेटीत फाडून टाकत होते, ती सगळी इथं, सरळ रांगेत.

"साबण बत्तीस," हे म्हणाले. "घरात चार. तेल सात डबे. आईनं अर्धा सांडला, ठीक. बाकीचं कोण पितं?"

आवाज चढलेला नव्हता. तो चढत नाही तेव्हाच मला जास्त भीती वाटते.

"कुणाला देतेस?"

काकूंचं नाव घ्यायचं नाही, एवढंच डोक्यात होतं.

यांनी ठमीला बोलावलं. स्टुलावर उभं केलं. "आई सामान कुठं नेते, सांग बाळा. खरं सांगितलं तर कुणालाच काही होणार नाही."

ठमी माझ्याकडे बघत नव्हती, यांच्याकडेही नाही. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. यांनी पुन्हा विचारलं, पुन्हा तसंच गोड. ती स्टुलावर तशीच उभी राहिली आणि तिच्या पायावरून पाणी ओघळायला लागलं, मोजे भिजले, स्टूल भिजलं. नऊ वर्षांची मुलगी. पण बोलली नाही.

पुढचं लिहीत नाही.

कार्ड शिवणाच्या कात्रीनं चार तुकडे करून माझ्या हातात दिलं. "टाक कचऱ्यात. उद्यापासून मी आणीन सामान."

१३ मार्च

डावा डोळा उघडत नाही, त्यामुळे ओळ तिरकी जाते आहे. श्वास घेतला की बरगडीत कळ येते. तो संध्याकाळी फळं घेऊन आला, कापून देत होता. ठमीनं घेतली नाहीत. मी घेतली.

१५ मार्च

सासूबाईंनी शिवणकाकूंना बोलावलं. झगा शिवायचाय म्हणे. दोन वर्षांत त्यांनी नवीन काही अंगावर घातलेलं नाही आणि आजच हौस आली! तो बाहेरच्या खोलीत बसला होता. त्याच्यादेखत काकूंनी टेप लावली, खांदा, कंबर, उंची. सासूबाई म्हणाल्या, "कापड आतल्या कपाटात आहे, सून दाखवील."

आत आल्या आल्या काकूंनी माझ्या हातात पाकीट कोंबलं. तोंडात टाचण्या होत्या. "पुढच्या सहा महिन्यांच्या किराण्याचे."

"काकू, कार्ड बंद झालं. मी आता सामान आणू शकत नाही."

"मग नको आणूस," त्या म्हणाल्या.

मी पाकीट परत द्यायला गेले. त्यांनी माझी बोटं मिटवली. "किती वाजता बाहेर असतो?"

"सांगता येत नाही. हल्ली मध्येच येतो."

"मंगळवारी?"

"नाही सांगता येत, काकू."

बाहेरून सासूबाईंनी हाक मारली, "सापडलं का गं कापड? मला मंगळवारी डॉक्टरकडे जायचंय, त्याच्या आधी माप होऊ दे."

मी काकूंकडे पाहिलं. काकू दाराकडे बघत होत्या.

१८ मार्च, मंगळवार

बसमध्ये. अक्षर बसच्या मर्जीप्रमाणे.

नशिबानं आजच सासूबाईंचा गुडघा धरला. सकाळपासून आरडाओरडा. "मला रिक्षानं नको, सुनेबरोबर नको, तूच ने. तू माझा मुलगा आहेस की नाही?" इतक्या मोठ्यानं ओरडताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं, सगळ्या इमारतीला कळलं असेल. तो चिडला, पण लोकांपुढं काय करणार? त्यांना धरून जिना उतरवला. त्या एकेक पायरीवर थांबत होत्या. मला आतून वाटत होतं, उतरा लवकर, उतरा ना! गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

दहा मिनिटांत निघालो. एक पिशवी. ठमीचा दाखला, माझी पावती, ही वही, चार कपडे. शिवणकाकू जिन्यावर उभ्या होत्या. त्यांनी ठमीच्या फ्रॉकच्या कडेचा लोंबणारा दोरा दातांनी तोडला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

बसथांब्यावर वीस मिनिटं. आयुष्यात इतक्या गाड्या मी मोजल्या नसतील. पांढरी गाडी दिसली की ठमीला खांबामागं ओढत होते. शेवटी ती म्हणाली, "आई, आपली गाडी राखाडी आहे."

हे माझ्या लक्षातही राहिलं नव्हतं.

आता दोन तास झाले. मागं वळून बघायचं थांबत नाही. ठमी विचारते, "आपण कुठं चाललोय?" मी म्हटलं, "कामाला." ती म्हणाली, "मग बाबांना कळलं तर?" मी म्हटलं, "झोप जरा." ती झोपली. मी नाही.

२ एप्रिल

खोलीला खरंच कुलूप नव्हतं. मोठ्या बाईंनी आतून लावायची कडी नवीन बसवली आहे, दोन ठिकाणी.

आल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला यंत्रापुढं उभं केलं. मी म्हटलं, काही गरज नाही. त्या म्हणाल्या, "तक्रार द्यायची तर फिल्म लागेल." फिल्म मी स्वतःच दिव्यावर लावून पाहिली. सातव्या बरगडीत बारीक चीर, ताजी. आणि तिच्या खाली, आठवीत, एक जुनी, भरून आलेली गाठ. दोन वर्षांपूर्वी मी न्हाणीघरात घसरले होते तेव्हाची. निदान मी तसंच सांगत होते, सगळ्यांना, आणि स्वतःलाही. मी बराच वेळ बघत राहिले. मोठ्या बाई मागं उभ्या होत्या, त्यांनी घाई केली नाही. मग आम्ही ठाण्यावर गेलो. तिथल्या बाईनं सगळं लिहून घेतलं. वाचून दाखवलं तेव्हा वाटलं, दुसऱ्याच कुणा बाईचं आहे.

कालपासून कामाला लागले. सकाळी सात ते तीन. खाली दार वाजलं की अजून हातातली फिल्म पडते. ठमी शाळेत जाते, पण खिडकीजवळ बसत नाही. तो माझ्या भावाकडे दोनदा जाऊन आला. भाऊ म्हणाला, शांत होता, फक्त घरात कुठं काय ठेवलंय ते बघत होता.

आज दुपारी केंद्रातला फोन वाजला. नंबर शिवणकाकूंचा. उचलला तर सासूबाई.

"चहाची पूड कुठल्या डब्यात असते गं?"

मी सांगितलं, निळ्या झाकणाच्या. त्यांनी विचारलं, ठमी जेवते का, रात्री दचकून उठते का. मी सांगितलं, जेवते, उठते. मग मला राहवेना. "आई, मी तुम्हाला न सांगता निघून आले. तुम्ही डॉक्टरकडे आणि मी… तुम्हाला बिचारीला काही कल्पनाच नव्हती."

मागं शिलाईमशीन चाललं होतं, थांबलं, पुन्हा चाललं.

"तुम्हाला त्रास देतो का तो?" मी विचारलं.

"मला त्याच्या बापाची सवय आहे," त्या म्हणाल्या. मग, "आमच्या वेळी वरच्या मजल्यावर कुणी राहत नव्हतं गं."

"म्हणजे?"

"ठेवते आता. माप द्यायचंय, काकू खोळंबल्यात. तू इकडे फोन करू नकोस, मीच करीन."

फोन ठेवला. मी तशीच यंत्राच्या खोलीत बसून राहिले. बाहेर एक म्हातारे गृहस्थ हात गळ्यात बांधून वाट बघत होते, त्यांना आत घेतलं, फिल्म काढली, लेबल लावलं. आता वर येऊन लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं. परत कधी येतेस, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही.